सगळ्यांनी चार बोटं वर केली, तिने दोनच

मी पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर टीमची स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमचं काम सुरळीत चालावं हे बघणारी. आमची ट्रेन, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या टीम्सचा गट, सात टीम्सची, सत्तरएक माणसं, आणि सेफ (SAFe) या अनेक टीम्सचं काम जुळवायच्या पद्धतीप्रमाणे आम्ही सगळे दोन दिवस एकत्र बसून पुढच्या पाच स्प्रिंटचं (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) म्हणजे 10 आठवड्यांचं प्लॅनिंग करतो. या 10 आठवड्यांना पीआय आणि या बैठकीला पीआय प्लॅनिंग म्हणतात. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीचं जे प्लॅनिंग झालं ते मला अजून लख्ख आठवतंय.

आधी पेमेंट टीमचे स्प्रिंट तीन आठवड्यांचे आणि बाकी सगळ्यांचे दोनचे, त्यामुळे त्यांचा एपीआय (बाकीच्यांचे प्रोग्रॅम ज्यातून त्यांच्या प्रोग्रॅमशी बोलतात तो दुवा) नेमका आमच्या स्प्रिंटच्या मधेच यायचा आणि डेमो रखडायचा. या वेळी पहिल्यांदा सगळ्यांचे स्प्रिंट एकाच बुधवारी सुरू होणार होते. माझं ठाम मत आहे की स्प्रिंट किती आठवड्यांचा यापेक्षा सगळ्यांचा एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपणं जास्त महत्त्वाचं, नाहीतर एकत्र प्लॅनिंगला काही अर्थच उरत नाही.

तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोर्ड भरला. आडव्या ओळीत टीम्स, उभ्या रकान्यात स्प्रिंट, आणि कोणाचं काम कोणावर अडलंय ते दाखवणारे लाल दोरे, त्यातले निम्मे तरी चौथ्या स्प्रिंटमध्ये प्लॅटफॉर्म टीमच्या ओळीत जाऊन चिकटलेले. मग कॉन्फिडन्स व्होट, म्हणजे प्लॅन पार पडेल याची किती खात्री वाटते ते प्रत्येकाने एक ते पाच बोटांनी दाखवायचं. सगळीकडे चार, कुठे तीन, आणि मागच्या टेबलावर आमच्या सगळ्यात ज्युनिअर टेस्टरची दोन.

सरासरी तीनच्या वर होती, पुढे जाता आलं असतं. पण आरटीई (रिलीज ट्रेन इंजिनिअर, अख्ख्या ट्रेनचं काम जुळवणारे) थांबले. "दोनच का गं? बोल बिनधास्त."

"सर, सगळ्या टीम्सचं इंटिग्रेशन टेस्टिंग चौथ्या स्प्रिंटला आहे. यूएटी एन्व्हायर्नमेंट एकच आहे, आणि त्यात दिवाळी. ते एन्व्हायर्नमेंट बंद पडलं तर उठवणार कोण?"

खोली एकदम शांत. यूएटी म्हणजे तयार काम वापरणाऱ्याच्या नजरेतून तपासायची सिस्टीम, ती सगळ्यांची मिळून एकच. सुट्ट्या प्रत्येक टीमने आपापल्या कपॅसिटीतून वजा केल्या होत्या, पण सातही टीम्सच्या सुट्ट्या शेजारी शेजारी ठेवून कोणीच बघितलं नव्हतं, प्लॅटफॉर्मचे यूएटी सांभाळणारे दोघंही त्याच आठवड्यात गावी निघालेले.

मग पुन्हा बसलो, संध्याकाळचे साडेसात वाजले. पेमेंटवाल्यांनी एपीआयचं कॉन्ट्रॅक्ट (काय पाठवायचं आणि काय परत मिळणार ते) पहिल्याच स्प्रिंटमध्ये फ्रीझ करून स्टब, म्हणजे खऱ्यासारखी उत्तरं देणारा तात्पुरता नमुना, द्यायचं कबूल केलं, म्हणजे बाकीच्यांना खऱ्या एपीआयसाठी थांबायला नको, टेस्टिंग तिसऱ्या स्प्रिंटपासूनच सुरू करायचं ठरलं आणि दोन फीचर्स पुढच्या पीआयला ढकलली. बिझनेसवाले नाराज झाले, साहजिक आहे, एक फीचर त्यांनी ग्राहकाला आधीच सांगून ठेवलं होतं. पण ते बोर्डासमोर येऊन उभे राहिले, दोरे बघितले आणि तयार झाले. पुन्हा व्होट घेतलं तर तिने चार बोटं वर केली.

दिवाळीच्या आठवड्यात यूएटीवर बारीकसारीक फिक्सच उरले होते, प्लॅटफॉर्मचे दोघंही गावी जाऊन आले. आता आरटीई प्लॅनिंगच्या आधीच सातही टीम्सच्या सुट्ट्या आणि यूएटीचे स्लॉट एकाच कॅलेंडरवर टाकून आणतात.