तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या फ्लेबॉटॉमिस्टला, म्हणजे रक्तनमुने घेणाऱ्याला, पगार किती आणि नोकरी मिळते का?

रक्तनमुने घेण्याचा कोर्स संपत आला की मुलं-मुली हे दोन प्रश्न एका दमात विचारतात. आधी दुसऱ्याचं उत्तर. नोकरी मिळते. लॅबमधली यंत्रं तासाला शेकडो नमुने तपासतात, पण शीर शोधून सुई घालायला अजून माणूसच लागतो. मात्र त्यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडतं ते नमुने भरपूर येतात तिथेच: मोठी रुग्णालयं, मोठ्या लॅब, रक्तपेढ्या, घरी जाऊन नमुने घेणाऱ्या सेवा. लहान दवाखान्यात हे काम नर्स किंवा लॅब टेक्निशियन करतात. तिथे अर्ज करायचा तर ईसीजी काढणं, नमुने सेंट्रिफ्यूजला (रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्राला) लावणं, संगणकावर नोंदणी करणं हेही यायला हवं.

पगाराचा एकच आकडा सांगता येत नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रशिक्षण तुलनेने कमी काळाचं असल्यामुळे सुरुवात बेताचीच होते. पण हातात आलेली ऑफर नीट वाचणं तुमच्या हातात आहे. घरोघरी जायच्या कामात बरेचदा दर भेटीमागे पैसे ठरतात. समजा, सकाळी 10 घरं आहेत. प्रत्येक घरी 15 मिनिटं, म्हणजे अडीच तास; तेवढ्यावर हिशेब केला तर रक्कम छान दिसते. प्रत्येक घरापर्यंतच्या प्रवासाची 20 मिनिटं आणि शेवटी लॅबमध्ये नमुने जमा करायचा अर्धा तास मिळवा, की सहा तासांच्या वर जातं. मिळणाऱ्या रकमेला भागायचं ते या तासांनी. शिवाय विचारा: उपाशीपोटी द्यायच्या चाचणीला पेशंट नाश्ता करून बसला असेल तर त्या फेरीचे पैसे मिळतात का? पेट्रोल कोणाचं? प्रशिक्षणाचा काळ पगारी आहे का?

पहिल्या वर्षानंतर पगार कशावर वाढतो, हे मात्र ठामपणे सांगता येतं. लॅबला सगळ्यांत महाग पडतो तो परत घ्यावा लागणारा नमुना. रिपोर्ट लांबतो, पेशंटला पुन्हा टोचावं लागतं आणि त्याचा विश्वास उडतो. ज्याचे नमुने क्वचितच परत येतात, त्याला सोडायला कुणी तयार होत नाही.

नमुने परत येण्याची कारणं ठरलेली असतात. बारीक सुईतून मोठ्या सिरिंजने जोरात ओढलं, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा ट्यूब हलक्या हाताने उलटी-सुलटी करायच्या ऐवजी खळखळून हलवली, की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, मिनिटाहून जास्त वेळ आवळलेलं राहिलं तरी आकडे बदलू लागतात. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) अंश सीरमच्या, म्हणजे रक्त गोठू देऊन तपासायच्या, ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वर जातं आणि कॅल्शियम खाली. म्हणूनच ट्यूबचा क्रम पाळायचा. निळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारा सायट्रेटचा द्रव असतो; तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव हे प्रमाण लागतं. ती अर्धवट भरली तर गोठण्याची चाचणी बाद. बटरफ्लाय सुई (लांब नळी जोडलेली सुई) वापरताना निळी ट्यूब पहिली असेल तर नळीतली हवा आत जाते आणि ट्यूब कमी भरते, त्यामुळे आधी एक फेकायची ट्यूब लावून ती हवा काढावी लागते. एवढं तोंडी परीक्षेत सगळेच सांगतात. पेशंटची रांग लागलेली असताना जो पाळतो त्याची किंमत होते.

आणि लेबल. पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावा. आपण नाव घेऊन "हो ना?" विचारलं तर गोंधळलेला माणूस कोणत्याही नावाला हो म्हणतो. रक्त घेतल्यावर लेबल पेशंटसमोरच लावा. रक्तगटाच्या नमुन्यात अदलाबदल झाली तर माणूस दगावू शकतो. मुलाखतीत प्रत्यक्ष रक्त घेऊन दाखवायला सांगतात तेव्हा अनुभवी पर्यवेक्षक शीर मिळाली का याच्या आधी हेच बघतात.

पुढे वाढायचं असेल तर इतर टाळतात ते काम मागून घ्या: तान्ही बाळं, केमो झालेले पेशंट, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची चाचणी). कल्चरच्या प्रत्येक बाटलीत प्रौढाचं 8 ते 10 मिली रक्त लागतं. कमी पडलं तर जंतू असूनही हाती लागत नाहीत. रक्तपेढीत 16 गेजच्या जाड सुईने काम चालतं आणि रक्तदात्याला भोवळ आली तर सांभाळावं लागतं, तेही शिकून घ्या.

सही करण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीची चौकशी नक्की करा. नेहमीचे डोस तीन असतात: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. सुई स्वतःला टोचली तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तपासण्यांचा आणि औषधांचा खर्च कोण करणार, हे लेखी मागा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं लवकरात लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती वेळ नियम शोधण्यात घालवायची नसते. या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर पगार चार पैसे जास्त असला तरी ती नोकरी घेऊ नका.