समीकरणाच्या प्रत्येक पायरीमागचे कारण

समीकरणे सोडवायला शिकताना बहुतेकांच्या हाती सर्वांत आधी पडते ते पक्षांतर. पद बरोबर चिन्हाच्या पलीकडे गेले की अधिकचे उणे होते आणि गुणिले असेल तर भागिले होते. नियम सुटसुटीत आहे, लक्षात राहतो आणि उत्तरही बहुधा बरोबर येते. माझी तक्रार एवढीच, की त्यात प्रत्यक्ष काय घडले ते झाकले जाते. क्ष + ७ = १२ या समीकरणात ७ कुठेही जात नाही. दोन्ही बाजूंत −७ मिळवले जातात, साहचर्य गुणधर्मामुळे (गट कसेही पाडले तरी बेरीज तीच राहते) डावीकडे क्ष + (७ + (−७)) असा गट करता येतो, ७ आणि तिची विरुद्ध संख्या यांची बेरीज शून्य होते, आणि शून्य हा बेरजेचा अविकारक घटक असल्यामुळे, म्हणजे तो मिळवल्याने संख्या बदलत नसल्यामुळे, तिथे नुसता क्ष उरतो. पक्षांतर म्हणजे या चार कारणांचा एका दमात केलेला उच्चार.

प्रत्येक पायरीचे कारण लिहायचे म्हटले की गुणधर्मांची यादी पाठ केली जाते आणि तरीही घोटाळे होतात, कारण त्या यादीत दोन भिन्न जातींचे गुणधर्म शेजारीशेजारी बसलेले असतात. क्रमनिरपेक्ष (अ + ब = ब + अ), साहचर्य आणि वितरण (अ(ब + क) = अब + अक) हे संख्यांवरील क्रियांचे गुणधर्म आहेत. ते एकाच बाजूचे रूप बदलतात, तिची किंमत बदलत नाहीत आणि म्हणून दुसऱ्या बाजूला हात लावण्याची गरज पडत नाही. समानतेचे गुणधर्म याच्या उलट वागतात: दोन्ही बाजूंची किंमत बदलते, पण सारखीच बदलते. ४क्ष + ६ = १० हे समीकरण २(२क्ष + ३) = १० असे लिहिले तर तो वितरण गुणधर्म झाला, आणि २क्ष + ३ = ५ असे लिहिले तर तो समानतेचा गुणधर्म झाला. डावीकडचा २ सामाईक काढला, मग तो गाळून टाकला आणि उजवीकडे १० तसेच ठेवले, ही चूक वह्यांमध्ये नेहमी आढळते. तिथे ‘लक्ष दे’ असा शेरा मारून फारसे साधत नाही; या ओळीचे कारण कोणत्या जातीचे, असे विचारले की गाठ आपोआप सापडते.

आता एक पूर्ण उदाहरण पाहू.

५(क्ष − २) + ३ = २क्ष + ११
५क्ष − १० + ३ = २क्ष + ११
५क्ष − ७ = २क्ष + ११
३क्ष = १८
क्ष = ६

दुसऱ्या ओळीचे कारण वितरण गुणधर्म आहे. तिसऱ्या ओळीत −१० आणि ३ यांचा गट केला, म्हणजे साहचर्य वापरले. त्यासाठी वजाबाकी ही विरुद्ध संख्येची बेरीज आहे असे मानावे लागते, कारण वजाबाकी स्वतः साहचर्यही पाळत नाही आणि क्रमनिरपेक्षताही. चौथ्या ओळीत दोन्ही बाजूंत −२क्ष आणि ७ मिळवले आहेत, परंतु ५क्ष − २क्ष चे ३क्ष कसे झाले? ‘सरूप पदे एकत्र केली’ हे त्या कृतीचे वर्णन झाले, कारण नव्हे. कारण असे, की ५क्ष − २क्ष = (५ − २)क्ष, म्हणजे पुन्हा वितरण गुणधर्मच, फक्त उलट दिशेने वाचलेला. कंस सोडवणे आणि सरूप पदे एकत्र करणे हे दोन वेगळे धडे म्हणून शिकलेल्यांना ती एकच गोष्ट आहे हे इथे दिसते, आणि कारणे लिहिण्याचा खटाटोप मला या एका गोष्टीसाठीसुद्धा सार्थ वाटतो.

शेवटच्या पायरीत दोन्ही बाजूंना डावीकडून १/३ ने गुणले आहे. १/३ · (३क्ष) = (१/३ · ३)क्ष हे साहचर्य, कंसातील गुणाकार १ होतो हा व्यस्ताचा गुणधर्म आणि १ · क्ष = क्ष हा अविकारकाचा गुणधर्म. हा तपशील पुढे पुन्हा लागणार आहे.

या दोन जातींचा इतिहासही वेगवेगळा आहे. समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजा समान राहतात, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास भूमितीची मांडणी करताना आरंभीच गृहीत धरले होते. क्रमनिरपेक्ष आणि वितरण या गुणधर्मांना मात्र त्यांची आजची युरोपीय नावे सेर्व्हा या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मध्ये दिली. हे गुणधर्म वापरात होतेच. पण जी गोष्ट कधी मोडतच नाही तिला नाव द्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

कारणांचा खरा उपयोग मात्र वर्गसमीकरणांपाशी सुरू होतो. (क्ष − २)(क्ष − ३) = ० यावरून क्ष = २ किंवा क्ष = ३ असे म्हणता येते, कारण दोन वास्तव संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी निदान एक शून्य असतेच. उजवीकडे ६ असतील आणि कोणी क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६ असे लिहिले, तर कारणाच्या जागी लिहिण्याजोगे काहीच सापडत नाही, कारण ६ विषयी असा गुणधर्मच नाही. तिथे कंस सोडवून क्ष² − ५क्ष = ० मिळते आणि उकली ० व ५ येतात.

इथेच दोन्ही बाजूंना क्ष ने भागण्याचा मोह होतो, आणि तसे केले की ० ही उकल हरवते. समानतेचा भागाकाराचा गुणधर्म ‘शून्येतर संख्येने’ या अटीसह येतो. पक्षांतराच्या घोषवाक्यात ती अट कुठेच नसते. उलट प्रकारही घडतो. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २ या समीकरणाला क्ष − ३ ने गुणले की क्ष = ३ + २(क्ष − ३) मिळते आणि त्यातून क्ष = ३ येते, पण त्याच किमतीला छेद शून्य होतो, म्हणजे मूळ समीकरणाला उकलच नाही. √(क्ष + ६) = क्ष मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर ३ आणि −२ अशी दोन उत्तरे येतात; −२ घातल्यास डावी बाजू २ आणि उजवी −२ होते. वर्ग करणे ही चूक नव्हे, समान संख्यांचे वर्ग समानच असतात. मात्र वर्ग समान असल्यावरून संख्या समान आहेत असे म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक कारणाशेजारी मी आणखी एक प्रश्न ठेवतो: ही पायरी उलट चालते का? रेषीय समीकरणात सगळ्या पायऱ्या उलट चालतात, त्यामुळे तिथे ताळा केवळ आकडेमोड तपासतो. वर्ग केला असेल किंवा चल असलेल्या पदावलीने गुणले असेल, तर ताळा हा उकलीचाच भाग ठरतो.

रोजच्या सरावात प्रत्येक ओळीपुढे गुणधर्माचे नाव लिहावे असे माझे म्हणणे नाही. तसे केल्यास पाने भरतात आणि डोके रिकामे राहते. विचारल्यावर सांगता यावे, एवढे पुरे. पुढे मॅट्रिक्सची, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या कोष्टकांची, समीकरणे भेटतात, तेव्हा गुणाकार क्रमनिरपेक्ष राहत नाही आणि ‘पलीकडे नेऊन भागा’ या नियमाला अर्थच उरत नाही. अ आणि ब मॅट्रिक्स असतील आणि अ ला व्यस्त असेल, तर अक्ष = ब हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना त्या व्यस्ताने डावीकडूनच गुणावे लागते. मग साहचर्य, व्यस्त आणि अविकारक ही तीनच कारणे पुरतात. ३क्ष = १८ साठी वर लिहिलेली कारणे हीच होती, आणि क्रमनिरपेक्षतेची गरज तिथेही पडली नव्हती.