कोरा जुलै

जुलै २०२३. पाषाणला झड लागलेली, ऑफिसात खिडकीखाली बादली. इंटर्नशिपला आलेली मुलगी म्हणाली, "ताई, आलेखात अंटार्क्टिकच्या समुद्री बर्फाचा जुलै कोरा का येतोय?"

मी मान वर न करताच म्हणाले, "डेटा खराब असेल. जाऊ दे."

हे मी दिवसातून चारदा म्हणते आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. समुद्री बर्फाचा नकाशा म्हणजे फोटो, असं लोकांना वाटतं. जुलैत तिकडे ध्रुवीय रात्र, फोटो कसला डोंबलाचा! उपग्रह मायक्रोवेव्ह टिपतो. त्यात अंधारातून, ढगांतूनही बर्फ पाण्यापेक्षा उजळ दिसतो. २५ किलोमीटरचा एकेक चौकोन, त्यात १५ टक्के बर्फ असला की तो बर्फाचा धरायचा. खरी भानगड किनाऱ्यावर. चौकोन अर्धा जमिनीचा, अर्धा पाण्याचा असला की जमिनीचा उजाळा पाण्यावर सांडतो आणि नसलेला बर्फ दिसायला लागतो. तो काढायचा मास्क बसवण्यात माझे तीन महिने गेले. अजूनही कुणाला समजावायला घेतला की समोरच्याला नेमका चहा आठवतो.

पोरगी मात्र चिकट. संध्याकाळी परत आली. "कच्च्या फायलीत आकडे आहेत, ताई. आपणच टाकून देतोय."

टाकत होता माझाच फिल्टर. सरासरीपासून तीन सिग्मापलीकडचा आकडा म्हणजे चूक, हे मीच लिहिलेलं. (सिग्मा म्हणजे आकडे एरवी सरासरीभोवती किती पसरतात, त्याचं माप.) २०१४ च्या सप्टेंबरात अंटार्क्टिकभोवतीचा बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. घटतो तो आर्क्टिकचा, हा आपला शहाणा, अशीच आम्हा बऱ्याच जणांची समजूत.

ती ओळ बंद करून पुन्हा रन केलं. बाकी वर्षांच्या रेघांचं जुडगं वर, आणि खाली ही एकटीच. सरासरीपेक्षा सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर कमी. आठ महाराष्ट्र! जपानी उपग्रहाचा डेटा उतरवला, मध्ये नेट दोनदा गेलं. रेघ तिथेच.

सरांना फोन केला. "मग फिल्टर पाच सिग्माचा कर की," म्हणाले आणि ठेवला. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची, हा त्यांचा सगळ्यावरचा इलाज.

पुढे एका पत्रकाराचा फोन: मुंबई कधी बुडणार? तरंगता बर्फ वितळल्याने पाणी जवळपास चढत नाही, पांढरा बर्फ गेला की खालचा काळा समुद्र ऊन पितो ती खरी काळजी, हे वीस मिनिटं सांगितलं. बातमीत मुंबई बुडालीच.

२०२३ च्याच सप्टेंबरात बर्फाचा वर्षातला उच्चांकही १ कोटी ७० लाखांच्या आतच थांबला, १९७९ पासूनच्या नोंदींत सगळ्यात कमी. फिल्टर मी काढलाय. आता आकडा टाकत नाही, शेजारी लाल ठिपका देते. त्या मुलीच्या सर्टिफिकेटवर ऑफिसने 'डेटा एंट्री' असं लिहून दिलं.

जूनचेही बरेच दिवस कोरेच होते. जूनचा अहवाल तसाच गेला, माझ्या सहीने.