जीवामृतवाले, आणि आईला अँटिबायोटिक?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मेळाव्यात विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता: 200 लिटरच्या ड्रमात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून शेतासाठी जीवामृताचे जंतू वाढवता, मग आईच्या पोटातले जंतू कसे मारू दिलेत?

न्यूमोनिया होता. बसूनसुद्धा दम लागत होता. दिलं. पुढे बोला.

घरी आणल्यावर जुलाब सुरू झाले. ताक दिलं, डाळिंबाची साल उगाळून दिली, काही थांबेना. चादरी मी धुवायला घेतल्या की आई भिंतीकडे तोंड करायची. पुन्हा भरती. संडासच्या तपासणीत निघाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल नावाचा जंतू. आतड्यातले नेहमीचे जंतू पित्तातल्या आम्लांचं रूप असं बदलतात की हा वाढत नाही. ते जंतू औषधानं मेले आणि याला रान मोकळं मिळालं. म्हणजे तुमचं म्हणणं खरंच. पण उपाय काय, तर पुन्हा अँटिबायोटिक! सिस्टरनं व्हँकोमायसिनच्या इंजेक्शनची बाटली घेतली, पाणी घालून हलवली आणि कपात ओतून आईच्या तोंडाला लावली. मी ओरडलोच. "शिरेतून दिलं तर आतड्यात पोचत नाही, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि हात साबणानं धुवा. याचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत."

जुलाब थांबले. पण उलटले असते तर? 2013 साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा उलटलेल्या रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाची विष्ठा नाकातल्या नळीवाटे सोडली. 16 पैकी 15 बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. माझ्यातला जुना नैसर्गिक शेतीवाला लगेच उसळतो, बघ, शेवटी शेणच! मी म्हणतो, अरे, त्या सोळांनाही आधी काही दिवस व्हँकोमायसिनच दिलं होतं. आणि 2019 मध्ये अमेरिकेत अशाच विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जंतू रुग्णांच्या पोटात गेला, एक रुग्ण दगावला. तो विचारतो, त्या जंतूला एवढा निगरगट्ट कुणी केला? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आई म्हणते, ताकानं बरी झाले. व्हँकोमायसिनचं नाव तिला घेता येत नाही.

पुढच्या तापाला अँटिबायोटिक देईन का? डॉक्टर म्हणाले तर देईन. पण कोणतं, किती दिवस आणि खरंच लागतं का, हे विचारून. तुम्हाला हे कुंपणावर बसणं वाटत असेल तर वाटू दे.