सगळ्या रकान्यांत 'होय'

सूत खरेदी करणाऱ्या एका कंपनीला उझबेकिस्तानातल्या कामगारांची परिस्थिती जाणून घ्यायची होती आणि टिपण संध्याकाळपर्यंत हवं होतं. असे अहवाल लिहिणं हेच माझं काम. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने सकाळीच तक्ता आणून ठेवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नॉर्मलेक्स या संग्रहातून त्याने देशाने कुठल्या कन्व्हेन्शनला, म्हणजे कामगारविषयक आंतरराष्ट्रीय कराराला, कधी मंजुरी दिली ते काढलं होतं. सक्तीच्या मजुरीविरुद्धचं क्रमांक २९, १९९२ साली. त्याच विषयावरचं १०५, १९९७ साली. संघटनास्वातंत्र्याचं, म्हणजे कामगारांना आपली संघटना उभारू देण्याचं ८७, २०१६ साली.

"ताई, सगळीकडे 'होय' आहे. अमेरिकेने तर मूलभूत कन्व्हेन्शनांपैकी दोनच मंजूर केलीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हटलं, "आता ह्याच संग्रहात तज्ज्ञ समितीचे शेरे उघड."

मंजुरी दिलेल्या देशाला ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो आणि ही समिती त्यावर लेखी मत देते. गंभीर बाबी वार्षिक अहवालात छापल्या जातात. बाकीचे प्रश्न थेट सरकारला पाठवले जातात. ते संग्रहात असतात, पण फारसं कुणी उघडत नाही. मला तेच जास्त उपयोगी पडतात. तपासण्या किती झाल्या, खटले किती भरले, शिक्षा काय झाली, असं नेमकं विचारलेलं असतं. तोच प्रश्न पुढच्या फेरीत पुन्हा दिसला, की उत्तर समाधानकारक आलं नाही हे कळतं.

तो वाचत गेला. १०५ला मंजुरी दिल्यानंतरच्या काळातले शेरे होते: कापूस वेचणीच्या हंगामात विद्यार्थी, शिक्षक, अगदी डॉक्टरसुद्धा शेतावर पाठवले जात होते. तक्रार कामगार संघटनांची तर होतीच, शिवाय मालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचीही होती. मालकांची संघटना जेव्हा वेठबिगारीबद्दल बोलते, तेव्हा त्या कागदाचं वजन वेगळं असतं.

दुपार आकडेवारीत गेली. कामावरच्या अपघाती मृत्यूंचे आकडे आयएलओस्टॅट या त्याच संघटनेच्या आकडेवारीच्या संग्रहावर मिळतात, पण नोंदच होत नसेल तर देश सुरक्षित दिसतो. म्हणून तो आकडा तपासनीसांच्या संख्येशेजारी ठेवूनच वाचायचा. कामगार हक्कांच्या पालनाचा निर्देशांकही तिथेच आहे, ० ते १० असा. त्यात ० सर्वांत चांगला. घाईत वाचणारा नेमका उलटा अर्थ लावतो.

मग आम्ही २०२१च्या हंगामावर आलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अकरा हजारांवर मुलाखतींच्या आधारे, बालमजुरी आणि सक्तीची मजुरी आता व्यवस्थेचा भाग राहिलेली नाही, असा निष्कर्ष काढला. सक्ती झालेल्यांचं प्रमाण सुमारे १ टक्का. वाचायला छान. पण वेचणीला दरवर्षी सुमारे वीस लाख माणसं लागतात, त्यामुळे तो १ टक्का म्हणजे वीसेक हजार माणसं. हे टिपणात लिहायलाच हवं होतं.

पडताळ्यासाठी उझबेक फोरम फॉर ह्यूमन राइट्सचा त्याच हंगामाचा अहवाल काढला. हे लोक वर्षानुवर्षं सरकारवर टीका करत आले आहेत. राज्यानेच लादलेली सर्वदूर सक्ती त्यांनाही त्या हंगामात आढळली नव्हती. परस्परांना सूट न देणाऱ्या दोन बाजू एकाच ठिकाणी पोहोचल्या, म्हणून मी तो निष्कर्ष विश्वासाने लिहिला. उझबेक कापसावर बहिष्कार घाला असं सांगणाऱ्या कॉटन कॅम्पेन या संघटनांच्या आघाडीनेही मार्च २०२२ मध्ये ते आवाहन मागे घेतलं.

संघटनास्वातंत्र्यावर मात्र उझबेक फोरमचा सूर वेगळा होता. कन्व्हेन्शन ८७ला मंजुरी २०१६ची; सिरदर्या प्रांतातल्या शेतकामगारांनी स्वतंत्र संघटना उभी केली ती २०२१ साली, आणि तिच्या सदस्यांवर दबाव आल्याच्या नोंदी लगेच येऊ लागल्या. कापूस किती पिकवायचा हे ठरवणारा सरकारी कोटा आता राहिलेला नाही. कापूस खासगी क्लस्टरांकडे, म्हणजे लागवडीपासून प्रक्रियेपर्यंत सगळं हाताळणाऱ्या कंपन्यांकडे गेला आहे. म्हणजे वेचणीची सक्ती कमी झाली तरी मजुरी, करार आणि जमिनीचे प्रश्न आता क्लस्टरपाशी येऊन थांबतात, आणि तिथे बोलणारी संघटना नसेल तर बाहेर काही कळत नाही.

म्हणून टिपणात देशाला एकच गुण द्यायला मी नकार दिला. सक्तीच्या मजुरीबद्दल 'मोठी सुधारणा, पडताळलेली' असं लिहिलं, संघटनास्वातंत्र्याबद्दल 'धोका कायम'. आणि कंपनीने पुरवठादाराला विचारावं असा प्रश्न जोडला: तुमचं सूत कोणत्या क्लस्टरच्या कापसाचं आहे, आणि तिथल्या कामगारांनी तक्रार करायची तर कुणाकडे?