पिशवीवरचा व्ही-झिरो

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, ज्या कारखान्यात मी क्वालिटी बघते, तिथे भिंतीवर बसवायच्या एमसीबीच्या, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, पेट्या होतात. घरात येणारी सगळी वीज या पेटीतून जाते. आत एखादा स्क्रू सैल राहिला की तो सांधा तापत जातो, कधी ठिणगी पडते. अशा वेळी भोवतीच्या प्लास्टिकने पेट घेऊ नये आणि घेतलाच तर आपोआप विझावं, हे त्याचं खरं काम. रंग आणि चकाकी नंतर. पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक रंगाच्या आणि चकाकीच्याच असतात.

पेटी एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची. साधं एबीएस एकदा पेटलं की काळी काजळी उडवत संपेपर्यंत जळतं. म्हणून आम्ही घेतो तो प्लास्टिकचा दाणा एफआर, म्हणजे फ्लेम-रिटार्डंट, आत ब्रोमीनचं संयुग आणि अँटिमनी ट्रायऑक्साइड घातलेला. तापल्यावर त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो आणि ज्या मूलकांवर, म्हणजे रेणूंच्या चटकन जुळणाऱ्या तुकड्यांवर, ज्वाळा तगून असते त्यांनाच पकडतो. अँटिमनी एकट्याने फारसं काही करत नाही. ते ब्रोमीनशी जोडलं जाऊन वाफ होतं आणि ब्रोमीनला थेट ज्वाळेत नेऊन पोचवतं. लोक 'फायरप्रूफ प्लास्टिक' म्हणतात तसं काही नसतं. मोठ्या आगीत आमची पेटीही जळेल. छोट्या आगीची मोठी होऊ द्यायची नाही, एवढीच तिच्याकडून अपेक्षा, आणि ती पुरेशी मोठी आहे.

त्या दिवशी सकाळी मशीनवरचा मुलगा हातात रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेली प्लास्टिकची दांडी, घेऊन लॅबमध्ये आला. "बेन, आ जुओ," ताई, हे बघा, म्हणाला आणि गेटपाशी, जिथून प्लास्टिक पेटीत शिरतं तिथे, नखाने खरवडून दाखवलं. पातळ पापुद्रा सुटून आला. पेटीवर वरून काहीच दिसत नव्हतं, तरी त्याने मशीन थांबवलं होतं. या मुलाला कोणी कसला कोर्स दिलेला नाही. पण आमच्या कारखान्यात सर्वांत चांगली नजर त्याची आहे आणि पगार सर्वांत कमी असलेल्यांत तो आहे, हे मी शेठना आधीही सांगितलंय.

पापुद्रा सुटतो म्हणजे एकमेकांत न मिसळणारी दोन प्लास्टिकं एकत्र आली आहेत. मी त्या शिफ्टच्या पेट्यांच्या झडपा घेतल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि जाळल्या.

व्ही-झिरो हा प्लास्टिक किती लवकर विझतं याचा दर्जा. त्याची ही चाचणी कशी करायची ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच खूप लबाडी चालते. पट्टी 125 मिमी लांब, 13 मिमी रुंद, उभी टांगलेली. तिच्या खाली 300 मिमीवर कापूस. 20 मिमीची निळी ज्योत खालच्या टोकाला 10 सेकंद धरायची, काढायची आणि घड्याळ सुरू करायचं. विझली की लगेच पुन्हा 10 सेकंद. अशा पाच पट्ट्या. कुठलीही ज्योत काढल्यावर 10 सेकंदांच्या वर जळता कामा नये, सगळ्या वेळांची बेरीज 50 सेकंदांच्या आत हवी आणि जळता थेंब पडून कापूस पेटता कामा नये. हे सगळं जमलं तर व्ही-झिरो. वेळ पाळली पण कापूस पेटला, तर व्ही-टू. ज्या बंद कपाटात पट्टी जाळतो त्याचा पंखा जाळताना बंद हवा, धूर पट्टी विझल्यावर काढायचा. पंखा चालू ठेवला की वाऱ्यानेच ज्योत विझते आणि कागदावर छान आकडे येतात. अशा लॅब मी पाहिल्यात. शिवाय जाडी. 3 मिमीला पास झालेलं मटेरियल 1.6 मिमीला नापास होऊ शकतं, कारण पातळ पट्टी लवकर तापते. जाडी न लिहिता नुसतं 'व्ही-झिरो' लिहिलेल्या सर्टिफिकेटला माझ्या लेखी किंमत नाही.

झडपेची पहिली पट्टी विझलीच नाही. ज्योत वर क्लॅम्पपर्यंत गेली, जळते थेंब टपटप पडले, कापूस भडकला. दुसरीचंही तेच. एमसीबी अडकवायचा धातूचा रूळ बसतो त्या भागावर ग्लो-वायर लावली. ही 4 मिमी जाडीची निकेल-क्रोमियमची तार, आमच्या पेट्या घेणाऱ्या ग्राहक कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे 850 अंशांना तापवलेली, 30 सेकंद टेकवायची. तार काढल्यावर ज्वाळा 30 सेकंदांत विझायला हवी. आम्हाला ती हाताने विझवावी लागली.

शेठ खाली आले. त्यांचं पहिलं वाक्य, "अँटिमनी खाधुं." म्हणजे पुरवठादाराने अँटिमनी मारलं. संशय निराधार नव्हता. चीनने 15 सप्टेंबर 2024 पासून अँटिमनीच्या निर्यातीला परवाना लावला, भाव आभाळाला भिडले, आणि तेव्हापासून त्यात हात आखडणारे पुरवठादार आहेत. पण त्याच लॉटची न उघडलेली पिशवी फोडून, दाणा वाळवून, रंग न घालता मी पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टी दोन-तीन सेकंदांत विझली. पुरवठादार सुटला.

मग एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. बॅरलचं तापमान बरोबर होतं. जास्त तापलं असतं तर पेटीवर चंदेरी रेघा आणि तपकिरी ठिपके आले असते. रनर दळून परत घालतात त्याचं प्रमाण चढलं असेल म्हणून तो दाणा पूर्ण बंद करून पेट्या काढल्या. त्याही जळल्या. उरला पांढरा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचे घट्ट दाणे, शंभर किलोला चार किलो.

स्टोअरमध्ये जाऊन पिशवी पाहिली. नाव नवं, वर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं. याचा अर्थ बहुतेक वेळा पॉलिथिलीनमध्ये घोळलेला रंग, जो कशातही घालता येतो असं विकणारा म्हणतो. एबीएसमध्ये पॉलिथिलीन मिसळत नाही, पापुद्रा तिथून आला. आणि ते स्वतः उत्तम जळतं. पण चार किलोतल्या तेवढ्याने इतकं बिघडेल हे मला पटेना. थोडे दाणे क्रूसिबलमध्ये घालून मफल फर्नेसमध्ये 550 अंशांना जाळले. पांढरी राख उरली. पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, त्याची राख आम्लाला दाद देत नाही. मी ड्रॉपरने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला आणि राख फसफसली.

चुनखडी. महागडं टायटॅनियम कमी करून फिलर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं. नुसतं फिलर असतं तर रंग फिका पडला असता, एवढंच. पण ब्रोमीनच्या दाण्यात चुनखडी घालणं म्हणजे औषधाबरोबर त्याचा उतारा पाजणं. तापल्यावर सुटणारा हायड्रोजन ब्रोमाइड ज्वाळेपर्यंत पोचायच्या आधीच कॅल्शियमला चिकटतो, कॅल्शियम ब्रोमाइड होऊन राखेत बसतो, आणि अँटिमनीने वाहून न्यावं असं ब्रोमीनच उरत नाही. नक्की करायला तोच दाणा जुन्या, एबीएसमधल्या मास्टरबॅचबरोबर चालवला. पट्ट्या विझल्या. नव्याबरोबर चालवला, कापूस पेटला.

पर्चेसवाल्या साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, रंगाला पण टीसी, टेस्ट सर्टिफिकेट, लागतो का? रंग तर रंगच आहे." त्यांनी किलोमागे पैसे वाचवले होते आणि मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक झालं होतं. त्यांच्यावर मला राग काढता आला नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आमची अख्खी लाइन व्ही-झिरो हा पिशवीचा गुण धरून चालते. पिशवीवर लिहिलंय, सर्टिफिकेट फाइलला लागलंय, विषय संपला. ते सर्टिफिकेट बिनरंगी, ठरावीक जाडीच्या, दुसऱ्याच्या मशीनवर काढलेल्या पट्टीचं असतं. भिंतीवर मात्र रंगवलेली, आमच्या मशीनवर काढलेली पेटी लागते.

शेठनी त्या दिवशी हातचा सगळा माल थांबवला, नुकसान सोसलं, एका शब्दाने कुरकुर केली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. थांबवलेल्या पेट्या दळून जिथे आगीचा प्रश्न नाही अशा कामाला विकल्या.

अडकलं पुढे. नवा मास्टरबॅच त्याआधीच वापरात आला होता आणि त्या काळातला माल ग्राहकाकडे गेलेला होता. प्रत्येक लॉटच्या काही पेट्या मी कपाटात राखून ठेवते. त्या काढून जाळल्या. मास्टरबॅच बदलल्यापासूनचे सगळे लॉट नापास, आधीचे सगळे पास. साच्यात डेट इन्सर्ट आहे, म्हणजे प्रत्येक पेटीच्या मागे महिना आणि वर्ष उमटलेलं असतं. कुठल्या पेट्या परत आणायच्या हे शोधणं त्यामुळे अवघड नाही.

मी ग्राहकाला या लॉटची यादी मेल केली. त्यांच्या क्वालिटीवाल्यांचा फोन आला. त्यांच्याकडे एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी, बंदूक आहे. त्यांनी पेट्यांवर धरून पाहिली होती, ब्रोमीन भरपूर, अँटिमनीही भरपूर. "आमच्या इनकमिंगला, माल येतानाच्या तपासणीत, माल ओके आहे, तुम्ही मेलमध्ये नापास कशाला लिहिलंत?" मी म्हटलं, बंदुकीला मूलद्रव्यं दिसतात, ती आगीत काय करतील ते दिसत नाही. त्याच रीडिंगमध्ये कॅल्शियमही आलं असेल, तेवढं बघा. ते म्हणाले की कॅल्शियम त्यांच्या चेकलिस्टमध्ये नाही.

त्यांच्या ड्रॉइंगवर 850 अंशांची ग्लो-वायर लिहिलेली आहे, पेटीवर करायची म्हणून. गेल्या कित्येक लॉटला त्यांनी ती केलेली नाही. आमचा रिपोर्टही कोणी मागितला नाही, मी मात्र पाठवत आले. तो कोणी उघडत होतं की नाही, हा प्रश्न आता सारखा डोक्यात येतो. मकरपुऱ्यातच इर्डासारखी विजेच्या सामानाची चाचणी संस्था आहे, तिथे पाच पेट्या नेऊन द्यायला त्यांना अर्धा दिवस लागला असता.

त्या पेट्यांतली प्रत्येक पेटी पेटेल असं नाही. स्क्रू नीट आवळलेला असेल तर बहुतेक आयुष्यभर काही होणार नाही. हाच युक्तिवाद मला फोनवर ऐकवला गेला. पण ही पेटी स्क्रू नीट आवळलेला नसेल त्या घरासाठीच तर आहे.

यादी मी दुसऱ्यांदा पाठवली आहे, लॉट नंबर, महिना आणि जाळलेल्या पट्ट्यांच्या फोटोंसकट, आणि या वेळी त्यांच्या डिझाइन विभागालाही. लेखी उत्तर अजून नाही. शेठनी त्यांची वेळ मागितली आहे. मिळाली की आम्ही दोघं जाणार, दोन्ही प्रकारच्या पेट्या, बर्नर आणि कापूस घेऊन, आणि मी त्यांच्यासमोर पंखा बंद करून जाळून दाखवणार आहे.