आमची वाटचाल : फिक्स्चरमधली एक पिन

२००९ साली कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत भाड्यानं गाळा घेतला तेव्हा आमच्याकडं एक जुनी लेथ आणि एक पिलर ड्रिल, बास. फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायचं, मशिनिंग करून द्यायचं, चालान लावायचं आणि पेमेंटची वाट बघत बसायचं. वडील इचलकरंजीत मागावर कामाला होते, घरात सगळा सुताचा धंदा, लोखंडात पडणारा मी पहिलाच. २०१४ ला कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, घेतली तेव्हा वाटलं की आता क्वालिटीचं टेन्शन गेलं, एवढी मशीन मायक्रॉनमध्ये काम करणार म्हटल्यावर चूक होणार कुठनं.

चूक झाली ती मशीनच्या आधीच. २०१६ मध्ये पुण्याच्या एका कस्टमरचं पंपाचं कव्हर चालू होतं, गोल जॉब (ज्या भागावर काम करायचं त्याला आम्ही जॉब म्हणतो), कडेनं सहा होल, त्यातलं एक होल बाकीच्या पाचांच्या वर्तुळापासून चार एमएम आत. आता हे कव्हर अर्धा फेरा फिरवून उलटं ठेवलं तरी फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यात, छान बसायचं, क्लॅम्प लागायचा, प्रोग्रॅम चालायचा, होल सगळे साइजमध्ये, गेज पण जायचा, फक्त ते एक होल भलत्याच जागी. हे कळलं कुठं तर कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर, बोल्ट बसेना तेव्हा. रात्री फोन आला, आम्ही दोघं जण गाडी काढून पहाटे पुण्यात पोचलो आणि त्यांच्या स्टोअरमध्ये जमिनीवर बसून अख्खा लॉट एकेक करून तपासला. ३७ पीस उलटे निघाले. पैसे कापल्याची डेबिट नोट आली ती वेगळीच, पण परत येताना कराडपर्यंत दोघंही एक शब्द बोललो नाही.

आल्यावर मी जे केलं ते चुकीचं केलं आणि ते इथं लिहिलंच पाहिजे. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये ऑपरेटरच्या नावापुढं लाल पेनानं ३७ लिहिलं, सगळ्यांसमोर त्याला बोललो, भिंतीवर ‘लक्ष देऊन काम करा’ असा बोर्ड लावला आणि एक जादा चेकर ठेवला. पाच-सहा महिन्यांनी परत तीच चूक, नऊ पीस, आणि ह्या वेळी चेकरच्या हातातनं पास होऊन गेलेले. दिवसभर एकसारखे शेकडो पीस बघितल्यावर डोळा तेच बघतो जे बघायची त्याला सवय झालीय, यात चेकरचा तरी काय दोष.

त्यानंतर कस्टमरनंच सप्लायर लोकांसाठी एक ट्रेनिंग ठेवलं होतं, तिथं मी शिगेओ शिंगो ह्या जपानी इंजिनिअरचं नाव पहिल्यांदा ऐकलं. १९६१ ची गोष्ट, यामादा इलेक्ट्रिक कारखान्यात छोटे पुश बटणाचे स्विच बनायचे, आत दोन स्प्रिंगा बसवायच्या, आणि कामगार कधीतरी एखादी स्प्रिंग विसरायचा. किती ओरडलं तरी अधूनमधून चूक व्हायचीच. शिंगोनं काय केलं, तर समोर एक छोटी ताटली ठेवायला लावली, आधी दोन स्प्रिंगा मोजून ताटलीत काढायच्या, मग स्विचमध्ये बसवायच्या. ताटलीत स्प्रिंग उरली म्हणजे विसरला, तिथल्या तिथं कळलं! एवढं ऐकलं आणि मला आमचं रजिस्टर आठवलं. अशा युक्तीला ते आधी ‘बाका-योके’ म्हणायचे, म्हणजे मूर्खाकडनं पण चुकू नये अशी सोय. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे ऐकून एक कामगार बाई रडली, मी एवढी मूर्ख आहे का म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलीच नाही. तेव्हा शिंगोनं नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक, योके म्हणजे टाळणं. मला विचाराल तर ह्या नावबदलात सगळं आलं.

परत आलो आणि ज्याला बोललो होतो त्याला म्हटलं, माझं चुकलं, आता मला सांग हा जॉब उलटा कसा बसतोय. तो लगेच म्हणाला, “मालक, कास्टिंगला एका बाजूला कान आहे बघा, त्याच्या समोरच्या बाजूला पिन ठोकली तर उलटा बसणारच नाही, कान पिनवर चढंल.” त्याला हे कधीपासनं माहीत होतं, विचारलंच नव्हतं कुणी. तुटलेल्या ड्रिलचा शँक, म्हणजे मागचा दांडा, घेतला, लेथवर आठ एमएमला टर्न केला, फिक्स्चरला होल मारून ठोकला. अर्ध्या तासाचं काम, खर्च जवळजवळ शून्य. मग त्यानं स्वतः मुद्दाम पंचवीस-तीस वेळा उलटा ठेवून बघितला, दर वेळी जॉब पिनवर तिरका उभा, क्लॅम्प खाली येईचना.

तिसऱ्या दिवशी मात्र सुलटा जॉब पण बसेना. बघतो तर नव्या लॉटच्या कास्टिंगला पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर, फिन (धातूची पातळ कड) जास्त आलेली, ती पिनला घासत होती. मग पिन एका बाजूनं दीड एमएम घासून घेतली आणि फाउंड्रीला फेटलिंग, म्हणजे असली कड काढून साफ करणं, नीट करायला सांगितलं. त्या दिवसापासनं ते कव्हर उलटं गेलेलं नाही, एकही नाही.

टॅपिंगचं, म्हणजे होलात बोल्टचे आटे पाडायचं, जमायला जास्त वेळ लागला. चार होलना एम-८ टॅप मारायचा, एखादा राहून जायचा. आम्ही काउंटर लावला, चार स्ट्रोक झाल्याशिवाय क्लॅम्प सुटणार नाही असा. मी खूश, पण टॅपिंगवाले मामा म्हणाले, “एकाच होलात दोनदा टॅप घातला तरी चार मोजतोय की हा.” बरोबर होतं त्यांचं! मग फिरणारं इंडेक्सिंग टेबल केलं, चार जागा, प्रत्येक जागेला सेन्सर, चारही जागा झाल्या तरच क्लॅम्प सुटतो. बोल्ट किटच्या पॅकिंगला तर ती शिंगोची ताटलीच वापरली, लाकडी फळीला सहा खळगे, सहा भरले की पिशवीत ओतायचे.

आणि वेस्टचं, म्हणजे फुकट जाणाऱ्या माल-वेळेचं, म्हणाल तर चूक आणि वेस्ट एकमेकांना चिकटलेलेच असतात हे आम्हाला बिन कमी केल्यावर समजलं. आधी एका ऑपरेशनला तीनशे पीस करून बिन भरून ठेवायचो, मशीन बंद राहिलं नाही पाहिजे म्हणून. पुढच्या ऑपरेशनला चूक सापडायची तोवर तीनशे बिघडलेले, म्हणजे फाउंड्रीचं मेटल, आमचे इनसर्ट (कटिंगची पाती), वीज, माणसाचे तास, सगळं परत भट्टीत वितळायला. टोयोटाचे इंजिनिअर तैइची ओनो जास्तीच्या उत्पादनाला सगळ्यात वाईट वेस्ट म्हणायचे ते उगाच नाही. आता वीस पीसचे बिन केलेत, वीस झाले की पुढं. चुकलंच तर वीसात कळतं, आणि गाळ्यात चालायला जागा पण झाली.

वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्या साध्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग धडधडत राहायचा, कापड बिघडत जायचं आणि मुकादमाचा दंड मात्र आम्हाला. त्यांना सांगितलं की तिकडं जपानात साकिची टोयोडानं १९२४ साली माग काढला होता, धागा तुटला की आपोआप थांबणारा, आणि टोयोटाची गाड्या बनवायची पद्धत ज्या दोन विचारांवर उभी आहे त्यातला तो एक. ते बराच वेळ गप्प बसले. नंतर एवढंच म्हणाले, तसला माग आम्हाला मिळायला पाहिजे होता.

२०२३ मध्ये केंद्र सरकारची एमएसएमई लीन स्कीम, म्हणजे छोट्या उद्योगांना वेस्ट कमी करायला मदत करणारी, नव्यानं आली, तेव्हा सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार देणार होतं, छोट्या गाळेवाल्यांनी त्याची माहिती जरूर काढावी. पण पहिली पिन ठोकायला कुठल्या स्कीमची वाट बघू नका.

आमच्या रजिस्टरमध्ये ऑपरेटरच्या नावाचा रकाना आता नाही. तिथं लिहितो, ‘चूक होऊ कशी शकली’. सध्या त्या रकान्यात एकच नोंद सारखी येतेय, व्हॉल्व्ह बॉडीच्या क्रॉस होलात (आडव्या भोकात) आत राहणारा बर, म्हणजे ड्रिल मारल्यावर कडेला उरणारी धातूची कुसळ. डोळ्याला दिसत नाही, बोट जात नाही, ब्रश मारायचा राहिला तर कळत नाही. गेल्या आठवड्यात मामांनी वाकवलेली स्पोक आणून दाखवलीय, बर असला तर ती अडकते, नसला तर सरकन निघते. आता ती फिक्स्चरलाच कशी बसवायची यावर आमचं रोज चहाच्या वेळी डोकं चाललंय.